गुण : नावेचा दोर, माणसाचे नाव

अमरकोशात 'गुण' हा शब्द एका ठिकाणी भेटत नाही. आपल्या साहित्यविचाराला ओळखीचा असलेला गुण तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात आहे. धनुष्याची दोरी, द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म, सत्त्वादी तीन तत्त्वे, शौर्यासारखे विशेष आणि राजनीतीतील संधी-विग्रहादी उपाय असे त्याचे अर्थ तेथे एका दमात सांगितले आहेत. पण कोश पहिल्यापासून वाचत आलेल्याला हा शब्द त्याआधीही भेटून गेलेला असतो. दुसऱ्या कांडातील शूद्रवर्गात तो रज्जूचा पर्याय म्हणून येतो. तेथे तो निव्वळ दोर आहे, दुसरे काही नाही. त्याच्याही आधी, पहिल्या कांडाच्या वारिवर्गात, होडी, वल्हे, नावाडी यांच्या संगतीत डोलकाठीसाठी दिलेल्या 'कूपक' या शब्दाला 'गुणवृक्षक' असा पर्याय आहे. ज्याला गुण बांधतात तो वृक्ष, असा हा सरळ समास. काहींनी त्याचा अर्थ नाव बांधून ठेवण्याचा खुंट असाही घेतला आहे. दोन्ही अर्थांत गुण म्हणजे नावेचा दोर. कोशातील वर्गांचा क्रम हा शब्दाच्या इतिहासाचा क्रम नव्हे, हे उघड आहे. तरीही पाणी, मग शूद्राचे हात आणि शेवटी शौर्य व सत्त्व, ही चढण पाहून वाचक क्षणभर थांबतो.

हा नौकेचा गुण आजच्या मराठीत उरलेला नाही. बंगालीत मात्र तो परवापरवापर्यंत रोजच्या वापरात होता. वारा पडला आणि प्रवाहाविरुद्ध जायचे असले, की डोलकाठीला लांब दोर बांधून नावाडी काठावर उतरत, दोराचे टोक खांद्यावर घेत आणि वाकून, चिखल तुडवत नाव ओढत नेत. या कामाला बंगालीत 'गुण टाना' म्हणतात. जैनुल आबेदीन यांच्या प्रसिद्ध चित्राचे तेच नाव आहे. डोलकाठीला गुणवृक्ष का म्हणत असतील, हे ते चित्र पाहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या दृश्यातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी. गुणाला दोन टोके असतात. एक नावेकडे, दुसरे माणसाच्या खांद्यावर. एक टोक सुटले की उरतो तो काथ्या.

मराठीत 'ती नाव' आणि 'ते नाव' यांच्यात केवळ लिंगाचा फरक आहे. नौ आणि नामन् या दोन वेगळ्या शब्दांची ही योगायोगाने झालेली भेट आहे आणि तीवर तत्त्वज्ञान उभारणे हास्यास्पद ठरेल. परंतु ज्या शब्दाने आपण माणसांना, कवितांना, औषधांना आणि उत्तरपत्रिकांना नावाजतो तो शब्द एकेकाळी नावेचा दोर होता, ही गोष्ट योगायोगाची नाही. तिच्यातून निर्माण होणारा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गुण कोणाचा असतो? ज्याच्या ठिकाणी तो दिसतो त्याचा, पाहणाऱ्याचा, की त्या दोघांना जोडणाऱ्या व्यवहाराचा? आणि एखाद्याला गुणाच्या नावाने हाक मारणे म्हणजे त्याला काही देणे आहे, की त्याला कशाला तरी बांधणे आहे?

येथे एक आक्षेप आधीच विचारात घेतला पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. हा आक्षेप आधुनिक भाषाविज्ञानाने आपल्याला प्रथम शिकवला असे मानण्याचे कारण नाही. मम्मटाने 'कर्मात कुशल' या प्रयोगात रूढिलक्षणा मानली. कुश उपटून आणणारा तो कुशल, हा मूळ अर्थ येथे लागू पडत नाही, म्हणून निपुण हा अर्थ लक्षणेने घ्यावा, असे त्याचे म्हणणे. विश्वनाथाने साहित्यदर्पणात हे खोडून काढले. शब्द ज्या निमित्ताने व्युत्पन्न होतो ते निमित्त वेगळे आणि ज्या निमित्ताने तो प्रवृत्त होतो ते वेगळे. व्युत्पत्तीचाच अर्थ मुख्य मानला, तर गमनार्थी धातूपासून आलेला 'गो' हा शब्द बसलेल्या गाईलासुद्धा लक्षणेनेच लावावा लागेल. विश्वनाथाचा हा युक्तिवाद बिनतोड आहे. अलीकडे आपल्याकडे शब्दाचे मूळ खणून त्यातून संस्कृतीचे रहस्य बाहेर काढण्याची जी हौस बोकाळली आहे, तिच्यावर हा चांगला उतारा ठरेल. तेव्हा 'गुण म्हणजे वस्तुतः दोर' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याला एवढेच तपासता येईल, की आजच्या वापरात, ज्याला कोश उघडायची कधी गरज पडली नाही अशा माणसाच्या बोलण्यात, या शब्दाची वागणूक कशी आहे.

ती पाहू. दोराचा अर्थ संख्यावाचकांत सुरक्षित राहिला आहे. द्विगुण म्हणजे दोन पदरी, त्रिगुण म्हणजे तीन पदरी. त्यावरून दुप्पट-तिप्पट, आणि त्यावरून शाळेतला गुणाकार. विज्ञानाच्या परिभाषेत 'गुणसूत्र' हा शब्द घडला तेव्हा दोर या अर्थाचे दोन शब्द एकापुढे एक बसले, हे तो रोज वापरणाऱ्यांच्या लक्षात येत असेल असे वाटत नाही. पण अधिक बोलकी आहेत ती क्रियापदे. इंग्रजीच्या वळणाने आपण 'त्याच्यात अमुक गुण आहे' असे लिहितो. बोलताना मात्र गुण क्वचितच नुसता 'असतो'. औषधाचा गुण येतो. वैद्याला हातगुण असतो, म्हणजे तोच काढा दुसऱ्याने दिला तर गुण येत नाही. नव्या सुनेचा पायगुण पाहिला जातो. तिच्या पायात काय आहे याची कोणी चौकशी करत नाही. ती आल्यावर या घरात काय घडले, याचा हिशेब तिच्या नावावर मांडला जातो. पोराने गुण उधळले म्हणतात, दाव्याला हिसडा देऊन जनावर उधळावे तसे. लग्नाआधी गुण जुळवले जातात. ते छत्तीस असतात. त्यांतला एक वर्णाचा, आणि सर्वांत जास्त म्हणजे आठ नाडीचे. (नाडी हीदेखील एक दोरीच, पण विश्वनाथाला स्मरून हा मोह आवरलेला बरा.) आणि शिरूर-दौंडकडच्या कोणत्याही गावात बैलांविषयी आणि बैलांच्या निमित्ताने माणसांविषयी म्हटली जाणारी ती म्हण : ढवळ्याशेजारी बांधला पोवळ्या, वाण नाही पण गुण लागला. वाण म्हणजे रंग, तो ज्याचा त्याच्या कातडीवर राहतो. गुण मात्र लागतो. तो लागण्याची अट म्हणीत स्पष्ट सांगितली आहे : शेजारी बांधलेले असणे.

या सर्व प्रयोगांत गुण दोन टोकांच्या मध्ये राहतो. त्याला येण्यासाठी, लागण्यासाठी, जुळण्यासाठी कोणीतरी दुसरे लागते. हा निष्कर्ष व्युत्पत्तीतून काढलेला नाही. तो चालू वापरातून निघतो, आणि म्हणून विश्वनाथाचा आक्षेप त्याला बाधत नाही.

आता शास्त्राकडे वळले म्हणजे दिसते, की तेथे या शब्दाचे दोन संसार झाले. वैशेषिकांनी गुणाला द्रव्याच्या आश्रयाला ठेवले. कणादाच्या लक्षणानुसार गुण द्रव्यात राहतो, त्याला स्वतःला गुण नसतात, आणि संयोग-विभागांचे तो स्वतंत्र कारण होत नाही. दोराचे सारे काम संयोग घडवण्याचे आणि तोच लक्षणातून वगळलेला, हे लक्षणीय आहे. नानार्थवर्गातला 'द्रव्याश्रित' हा शब्द याच वाटेवरचा. गंमत अशी, की वैशेषिकांच्या गुणांच्या यादीत संयोग हा एक गुण म्हणून आहेच, आणि तो एका द्रव्यात न राहता दोहोंत मिळून राहतो असे त्यांना मान्य करावे लागते. पुढच्या दाराने बाहेर काढलेला दोर मागच्या दाराने घरात आला, असे म्हणावयास हरकत नाही.

सांख्यांनी उलट वाट घेतली. त्यांचे सत्त्व, रज, तम हे कोणा द्रव्याचे धर्म नव्हेत, तीच मूळ प्रकृती आहे. मग त्यांना गुण का म्हणावयाचे? वाचस्पतिमिश्राने उत्तर दिले, की ते दुसऱ्यासाठी, पुरुषासाठी आहेत म्हणून. विज्ञानभिक्षूने अधिक रोखठोक उत्तर दिले : पुरुष हा पशू, आणि त्याला बांधणारी तीन पदरी दोरी वळली जाते ती यांचीच, म्हणून ते गुण. भगवद्गीतेच्या चौदाव्या अध्यायातही तिन्ही गुण बांधतात. तम प्रमादाने बांधतो आणि रज कर्माच्या आसक्तीने, यात नवल नाही. सत्त्वही बांधते, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने, हे मात्र नीतिविचाराला अडचणीत टाकणारे विधान आहे. आपण चांगले आहोत हे ज्ञान हेच एक दावे आहे, असा त्याचा अर्थ होतो. नैतिक प्रगतीची आपली नेहमीची कल्पना अशी, की दुर्गुण जावेत, सद्गुण यावेत आणि माणूस मोकळा व्हावा. सांख्यांची कल्पना या सोयीला जागा ठेवत नाही. सुती दोर काय आणि रेशमी काय, तो गळ्यात आहे की नाही एवढेच ती विचारते.

याच शब्दाची आणखी एक शाखा येथे नोंदवली पाहिजे. जे दुसऱ्यासाठी असते ते गौण. गुण आणि गौण हे दोन शब्द आपण मराठीत इतक्या दूर ठेवतो की त्यांचे नाते विसरूनच जातो. एक गौरवाचा, दुसरा खालच्या पायरीचा. आनंदवर्धनाने दुसऱ्या प्रतीच्या काव्याला गुणीभूतव्यंग्य म्हटले तेव्हा तेथे गुण म्हणजे गुणवत्ता नव्हती, दुय्यमपणा होता. ज्या शब्दाने श्रेष्ठत्व सांगावयाचे त्याच शब्दाने सेवकत्वही सांगितले जावे, हा विरोध नावेच्या दोरापाशी आणून ठेवला तर विरोध राहत नाही. दोर कितीही चांगला असला तरी तो नावेसाठी असतो.

काव्यशास्त्रातील गुणविचार हा याच दोन संसारांमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे, अशा दृष्टीने तो वाचता येईल. दंडीने दहा गुण सांगितले आणि त्यांना वैदर्भ मार्गाचे प्राण म्हटले. त्याच दंडीच्या नावावर असलेल्या दशकुमारचरिताच्या मंगलश्लोकात त्रिविक्रमाच्या पायाला पृथ्वीरूपी नावेची डोलकाठी म्हटले आहे. तेथे डोलकाठी आहे, पण तिला बांधलेला गुण काव्यादर्शात राहिला. वामनाने गुण शब्दांचे दहा आणि अर्थाचे दहा केले, आणि काव्याची शोभा निर्माण करणारे नित्य धर्म म्हणून त्यांची स्थापना केली. येथपर्यंत गुण काव्याच्या शरीरात आहेत. काव्य हे द्रव्य, गुण त्याला आश्रित. आनंदवर्धनाने त्यांना तेथून हलवून रसाच्या आश्रयाला नेले, आणि अलंकार तेवढे कड्या-कंकणांसारखे अंगावर ठेवले. मम्मटाने ही मांडणी पक्की केली. शौर्य आत्म्याचे असते, देहाचे नव्हे. तरी एखाद्याचा धिप्पाड देह पाहून लोक 'याचा आकारच शूर आहे' म्हणतात, तशी मधुर वर्णांना मधुर म्हणण्याची चूक आपण करतो, हा त्याचा दृष्टांत मार्मिक आहे.

पण मम्मटाच्या मांडणीत याहून महत्त्वाचे काही घडते. माधुर्य म्हणजे काय, तर ज्याने चित्त द्रवते ते. ओज म्हणजे ज्याने चित्त पेटून विस्तारते ते. प्रसाद म्हणजे वाळल्या लाकडात अग्नी किंवा स्वच्छ वस्त्रात पाणी पसरावे तसे जे चित्त व्यापते ते. तिन्ही व्याख्यांत चित्त आहे, आणि ते सहृदयाचे आहे. गुण सांगावयाचा तर वाचकाला काय झाले ते सांगावे लागते. रसाचा धर्म म्हणून ज्याची स्थापना केली त्याचे दुसरे टोक वाचकाच्या खांद्यावर आहे, हे मम्मटाने स्पष्ट शब्दांत म्हटलेले नाही, पण त्याच्या व्याख्या तेच म्हणतात.

आधुनिक मराठी समीक्षेत हीच ओढाताण पुन्हा झाली. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत सौंदर्य शोधले. त्यांची भूमिका वामनाची नव्हे, पण गुणाला कृतीच्या बांधणीत ठेवण्याचा आग्रह त्या जातीचा आहे. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (१९७४) सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे दाखवले. कलेला जीवनापासून तोडणारी आणि कलेला जीवनाशी जोडणारी, अशा दोन्ही भूमिका त्या एकाच संकल्पनेच्या पोटात आहेत, आणि एक पुसून दुसरी ठेवू गेल्यास संकल्पनाच हातातून जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 'सौंदर्यमीमांसा' कठीण म्हणून ज्यांनी बाजूला ठेवली त्यांच्यासाठी एवढे सांगता येईल, की दोन टोकांवाचून दोर नसतो या म्हणण्याचे ते अत्यंत सावध, युक्तिवादांनी घट्ट विणलेले रूप आहे. प्रस्तुत लेखकाला पाटणकरांच्या मांडणीत एकच उणीव जाणवते : त्यांचे ध्रुव स्थिर आहेत. नावेचा दोर धरणारा चालत असतो आणि त्याच्या चालण्याने नाव हलते. वाचकांच्या पिढ्या बदलतात तेव्हा कृतीचे गुण जागेवर राहत नाहीत. १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापलेला मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध शंभराहून अधिक वर्षे तेथेच होता. त्याचे ओज आपल्याला जाणवू लागले ते दुसरे टोक धरायला दलित साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा. म्हणून ते ओज त्या निबंधात आधी नव्हते असे म्हणता येत नाही. नुसते निबंधातच होते, असेही म्हणता येत नाही.

मुक्ता साळवेचे नाव येथे दुसऱ्याही कारणाने येते. ज्या समाजात ती जन्मली त्याच्याकडे गावगाड्यात दोर वळण्याचे काम होते. मोटेचा जाड नाडा आणि बारीक सोंदूर, कासरे, दावी, चऱ्हाटे, शिंकी हे सारे घायपात आणि अंबाडीपासून वळून गावाला पुरवायचे, आणि त्याबदली बलुते घ्यायचे. भीमा आणि घोड या नद्यांच्या मधल्या या पट्ट्यात विजेच्या पंपांनी मोट संपवली, आणि आज वर्गात 'सोंदूर' म्हटले तर आजोबांना विचारून सांगतो असे उत्तर येते. वस्तू गेली, वस्तूबरोबर शब्द गेला. वळणाऱ्याची जात मात्र जागेवर राहिली. अमरसिंहाने रज्जू या अर्थाचा गुण शूद्रवर्गात घातला आणि शौर्य या अर्थाचा नानार्थवर्गात. कोशकाराने आपल्या काळाची व्यवस्था नोंदवली, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या व्यवस्थेचे समर्थन पुढे याच शब्दाच्या आधाराने केले गेले, तेथे आपला विषय नीतीच्या प्रांतात शिरतो.

चातुर्वर्ण्य गुण आणि कर्म यांच्या विभागाने निर्माण झाले, हे गीतेच्या चौथ्या अध्यायातील विधान आधुनिक काळात सुधारकांनी आणि सनातन्यांनी सारख्याच उत्साहाने पुढे केले आहे. जन्मावरून नव्हे, गुणांवरून, असे म्हटले की आधुनिक कानाला बरे वाटते, कारण त्या कानाला गुण म्हणजे गुणवत्ता ऐकू येते. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र तेथील गुण म्हणजे सत्त्व, रज, तम. ब्राह्मणात सत्त्व प्रधान, शूद्रात तम प्रधान आणि रज गुणीभूत, असा त्यांचा विभाग आहे. म्हणजे ज्याला आपण माणसाने कमावलेली लायकी समजतो, तो मुळात प्रकृतीने गळ्यात अडकवलेला तीन पदरी दोर आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांच्या आडोशाला उभे राहिले. दोर दाखवायचा नसला की गुणवत्ता पुढे करायची, गुणवत्तेचा पुरावा मागितला की प्रकृतीकडे बोट दाखवायचे. हा केवळ तर्कदोष नाही. एका मोठ्या समाजाला शतकानुशतके या संदिग्धतेची किंमत मोजावी लागली.

बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या १९३६ च्या भाषणात गुणाधिष्ठित चातुर्वर्ण्याच्या आर्यसमाजी समर्थकांना जो प्रश्न विचारला, तो नेमका नावाविषयीचा आहे. माणसाची जागा त्याच्या गुणावरूनच ठरायची असेल, तर त्याला ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र ही लेबले लावण्याचा हट्ट कशासाठी? विद्वानाला ब्राह्मण न म्हणताही मान मिळेल. ही नावे जोवर चालू आहेत तोवर जन्मावर आधारलेली उच्चनीचता माणसांच्या मनात चालूच राहील. बाबासाहेबांचा रोख येथे भाषाविचाराच्या दृष्टीनेही अचूक आहे. विश्वनाथाच्या परिभाषेत मांडायचे तर प्रवृत्तिनिमित्त बदलल्याचे आपण जाहीर करतो आणि शब्द तोच ठेवतो. ऐकणारा जुन्याच निमित्ताने तो ऐकतो, कारण रूढी ही एकट्यादुकट्याच्या जाहीरनाम्याने बदलत नाही. गुण बदलला तर नावही बदलले पाहिजे. बाबासाहेबांनी पुढे वीस वर्षांनी, १९५६ साली, ते केले.

नावाचा दोर नेहमी गळफासच असतो असे मात्र नाही, हेही सांगितले पाहिजे. दामोदर हे नाव घ्या. ज्याच्या उदराला दाम, म्हणजे दोर, बांधला तो दामोदर. आपले 'दावे' त्याच दामाचे. यशोदा कृष्णाला बांधू लागली तेव्हा दोर प्रत्येक वेळी दोन बोटे कमी पडत होता, ही भागवतातली कथा. जो बांधला जाऊ शकत नाही त्याने बांधून घेणे पत्करले, याची खूण म्हणून ते नाव राहिले. वारकऱ्यांचा सगुण याहून वेगळा नाही. तेथे निर्गुणाला दोर लावणारी जनी आहे, तुकोबा आहेत, आणि तो दोर प्रेमाचा असल्याने दोन्ही टोकांना सारखाच बांधतो. सगुणा हे आपल्याकडे बाईचे नाव होते. आज ते म्हाताऱ्यांच्याच नावांत ऐकू येते. जोतीराव फुल्यांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या त्यांच्या मावसबहिणीचे नाव सगुणाबाई क्षीरसागर. उलटपक्षी मुलगा हवा असताना झालेल्या मुलीला नकोशी, नकुसा म्हणून हाक मारली जाई. सातारा जिल्ह्यात २०११ साली दोनशेहून अधिक अशा मुलींची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. नकोशी या नावात त्या मुलीचा कोणताच गुण सांगितलेला नव्हता. नाव ठेवणाऱ्यांची इच्छा तेवढी सांगितली होती, आणि ती इच्छा मुलीने जन्मभर वाहायची होती. सगुणा आणि नकुसा यांपैकी एक नाव ओढून नेते आणि दुसरे खुंटाला ठेवते. गुणवृक्षाचे ते दोन अर्थ, डोलकाठी आणि खुंट, येथे पुन्हा भेटतात.

राहता राहिला तो गुण, जो देण्याचे काम आमच्यासारख्यांना वर्षातून दोनदा करावे लागते. परीक्षेच्या अंकांना मराठीने गुण हा शब्द कधी दिला असेल तो असो, त्याने मोठी गुंतागुंत करून ठेवली आहे. अंक म्हटले असते तर ते उत्तरांचे राहिले असते. गुण म्हटल्यामुळे ते मुलाचे झाले. पस्तीस गुणांचा मुलगा, नव्वद टक्क्यांची मुलगी, असे आपण बोलतो. राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले, विद्यापीठांनी श्रेणी आणि श्रेयांक आणले, तरी गुणपत्रिका हा शब्द गेला नाही. तपासणीच्या टेबलावर शंभर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. त्यांतील एखाद्या उत्तरात मुलाने पाठ्यपुस्तकातले काहीही न लिहिता कवितेविषयी स्वतःला जे वाटले ते चार अशुद्ध ओळींत लिहिलेले असते. नमुना उत्तराशी ते जुळत नाही, म्हणून त्याला गुण नाहीत. वैशेषिकाच्या हिशेबाने हे ठीक आहे. द्रव्यात जे नाही ते कोठून मोजणार? मम्मटाच्या हिशेबाने त्या चार ओळींत चित्त द्रवल्याचा पुरावा आहे, आणि तो मोजण्याची जबाबदारी दुसरे टोक ज्याच्या हाती आहे त्याची. नियम पहिल्या हिशेबाचा आहे, आणि तो असण्याला चांगली कारणेही आहेत. नमुना उत्तर नसते तर तपासणाऱ्याची लहर, जात आणि ओळखपाळख यांना रान मोकळे झाले असते. ज्यांच्यासाठी कोणी शब्द टाकणार नाही अशा मुलांना नियमाचाच आधार असतो. म्हणून पहिला हिशेब टाकून द्यावा असे मला वाटत नाही. पण त्या शून्याला आपण 'गुण' म्हणतो तेव्हा त्या मुलाविषयी आपण किती बोलतो आणि आपल्या हातातल्या टोकाविषयी किती, हा प्रश्न नियमाने सुटत नाही.

जून महिना आला, की शिरूर-दौंडच्या गावागावांत गुणगौरव समारंभांचे फलक लागतात. फलकावर मुलांची छायाचित्रे, खाली नाव, आडनाव आणि टक्के असतात. आडनावावरून गावाला बाकीचे कळते. याच दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. आज तिच्यात ज्या होड्या दिसतात त्या बहुतेक मासेमारीच्या किंवा वाळू उपसणाऱ्या. वाळूच्या होड्या बेकायदा सापडल्या, तर महसूल खाते त्या जिलेटिनने उडवून देते. पंचनाम्यात त्या गुन्ह्याला अवैध उत्खनन म्हणतात, आणि वाळूला, कायद्याच्या भाषेत, गौण खनिज.